रागाची रास

अप्पांचा देह मातीत बसवला त्या सकाळी विभूती झाली, बेलाची पानं झाली, आणि मातीची पहिली ओंजळ खाली पडली तेव्हा बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी स्वच्छ आवाजात म्हणालं, "लाभ."

बाहेरगावच्या पाहुण्यांनी चमकून माना वळवल्या. आमच्या झरीची माणसं मात्र एकदम गप्प झाली. रडणंसुद्धा थांबलं. जे अजून जोडे घालून उभे होते त्यांनी ते हळूच काढून बाजूला सारले. मग एकामागून एक ओंजळ पडत राहिली आणि मातीच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज झाला नाही. मी काठीवर टेकून मागे उभा होतो. माझे डोळे वाहत होते आणि त्याच वेळी मला हसू आवरत नव्हतं. शेजारच्या पाहुण्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं. त्याला काय सांगणार? सांगायचं तर अप्पांचं सगळंच सांगावं लागलं असतं. ते आता घरी येऊन, सवडीने लिहितो आहे.

आमच्याकडे खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी चालते. मापारी मुसलमान असला तर तो 'बरकत' म्हणतो. राशीभोवती राखेची रेघ ओढलेली असते, जोडे घालून कोणी आत पाय ठेवत नाही, आणि एकदा पहिलं माप पडलं की रास संपेपर्यंत कोणी बोलत नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही. लहानपणापासून पाहून पाहून ते अंगात मुरतं. अप्पांनी या मुरलेल्या गोष्टीचा जो उपयोग केला तो दुसऱ्या कोणाला सुचला असता असं मला वाटत नाही.

निजामाची अमदानी होती. माझं शिक्षण परभणीला उर्दूतून झालेलं, आणि नेमणूक झाली झरीच्या शाळेत, लहान मुलांना मराठी आणि हिशेब शिकवायला. पेटीभर पुस्तकं आणि एक वळकटी घेऊन मी गावात पोचलो तेव्हा समोरच्या भुसार दुकानातून असा आवाज आला की माझ्या गाडीचे बैल मागे सरले. मला वाटलं, कोणीतरी विहिरीत पडलं. गाडीवान शांतपणे म्हणाला, "काय न्हाई. अप्पा गिऱ्हाइकाला ख्यालीखुशाली इचारायलेत."

त्या दुकानामागची खोली मी भाड्याने घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच राहिलो.

अप्पा लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि अंगाने इतके किडकिडीत की धोतर त्यांना नेसवलेलं नसून वाळत घातल्यासारखं दिसायचं. एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठून आला, याचा खुलासा त्यांनीच एकदा केला. लहानपणी वडिलांनी त्यांना ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं केलं. दिवसभर पाखरं हाकलायची. सगळं बालपण ओरडण्यात गेलं. "माळ्यावरून मी उतरलो, गुरुजी," ते म्हणाले, "आवाज वरच राहिला."

साधं बोलणं असं, तर राग कसा असेल याची कल्पना करावी. आणि राग लवकर यायचा. मनात काही नसायचं, ओरडून झालं की त्याच माणसाला बसवून गूळ-शेंगदाणे द्यायचे. पण गूळ-शेंगदाण्यांनी सगळंच भरून येत नाही.

मी येण्याआधीच त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं होतं, चारठाण्याच्या घरात. वरात निघताना काय झालं ते गावात मला निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या तऱ्हेने सांगितलं, पण गाभा एकच होता. व्याही म्हणाले, बैलांना टाकलेला कडबा ओला आहे. अप्पांनी तो कोरडा असल्याचं सांगितलं. म्हणजे त्यांच्या मते सांगितलं. त्या आवाजाने वऱ्हाडाच्या गाडीचे बैल बिथरले आणि गाडीवान नसताना गाडी घेऊन सुटले. गाडीत विहीणबाई एकट्याच बसलेल्या होत्या. गाडी ओढ्यातल्या वाळूत जाऊन थांबली. बाईंना खरचटलंसुद्धा नाही, पण मांडवात परत आल्या तेव्हा नथ कानाशी आली होती, आणि वरातीतलं निम्मं वऱ्हाड तोंडाला उपरणं लावून उभं होतं.

तेव्हापासून लेक माहेरी आली नव्हती. पंचमी यायची, जायची. दिवाळी यायची, जायची. अप्पांनी गाडी पाठवली की ती रिकामी परत यायची, आणि गाडीवानाबरोबर निरोप असायचा की इवायाचं, म्हणजे व्याह्याचं, तोंड बंद झालं की पोर येईल. आक्का, म्हणजे अप्पांच्या पत्नी, निरोप ऐकून चुलीपाशी जाऊन बसायच्या. त्या दिवशी अप्पा कोणावर ओरडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ओरडायचे.

अप्पांचं एक वैशिष्ट्य असं की त्यांचा स्वतःवर काडीचाही विश्वास नव्हता. माणसं चांगलं वागायचं ठरवतात ती स्वतःवर भरवसा ठेवून. अप्पा स्वतःविषयी खोडकर बैलाविषयी बोलावं तसं बोलायचे. "ह्याला सांगून उपेग न्हाई, गुरुजी. ह्याला बांधून ठिवावं लागतंय." आणि ते खरंच बांधायचे.

पहाटे उठायची सवय लावायची म्हणून त्यांनी अंगणातल्या आपल्या बाजेच्या पायाला वासरू बांधलं होतं. पहाटे गोठ्यात गाय हंबरली की वासरू ओढ घ्यायचं, बाज हलायची, अप्पा उठायचे. बरेच दिवस हे नीट चाललं. मग वासरू मोठं झालं. एका पहाटे आक्का धार काढायला गेल्या तर गोठ्याच्या दारात बाज, बाजेवर नवरा, आणि नवरा गाढ झोपलेला. "आता दावणीलाच निजत जावा," त्या म्हणाल्या. अप्पांनी दुसऱ्या दिवशी धाकटं वासरू बांधलं. मला सांगायचे, सवय चुकीची नव्हती, वासरू चुकीचं होतं. पुढे वासराची गरजच उरली नाही. गाय हंबरायच्या आधी ते उठून बसलेले असायचे, आणि तिची वाट पाहायचे.

तंबाखू सोडायची ठरवली तेव्हा त्यांनी चंची नेऊन समोरच्या लोहाराच्या घरी शिंक्यावर ठेवली. या लोहाराशी त्यांचं जुनं भांडण होतं, बोलणं बंद होतं. त्यांचा हिशेब असा की तंबाखू हवी तर त्याच्या दारात जाऊन गोड बोलून मागावी लागेल, आणि ते आपल्याच्याने होणार नाही. ते झालं. तलफ इतकी जबर होती की अप्पा रोज जाऊन गोड बोलू लागले. महिन्याभरात दोघे एकाच चंचीतली तंबाखू खात ओट्यावर बसलेले दिसायचे. आक्का म्हणाल्या, सुटायचं होतं काय आणि सुटलं काय. अप्पांना त्यात अपयश दिसलं नाही. काहीतरी सुटलं की नाही, एवढंच ते पाहायचे.

अशा खटपटींतून त्यांनी एक मत बनवलं होतं आणि ते दुकानात आलेल्या कोणालाही ऐकावं लागायचं. "नवी सवय एकटी टिकत न्हाई. तिला जुन्या सवयीच्या घरात सून म्हणून धाडावं लागतंय. घर आधीच चालतं असतंय, ती त्यात रुळून जाती." एकदा हे बोलताना ते मध्येच थांबले. सून, सासर, धाडणं, हे शब्द त्यांच्याच कानावर पडले असावेत. मग ते तागडीची साखळी उगाच पुसत बसले.

माझ्यावरही त्यांनी हा प्रयोग केला. मी मुळात अबोल. शाळेत शिकवायचो ते पहिल्या दोन ओळींपलीकडे पोचत नसे. सदर मुदर्रिससाहेबांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, मला दोनदा अदबीने बजावलं होतं की आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायला हवा, नाहीतर वर कळवावं लागेल. मी घाबरलो होतो. अप्पांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी मला विचारलं, न चुकता रोज काय करता? मी म्हणालो, दिवेलागणीला वाचतो. "मग आजपस्नं मला ऐकू येईल असं वाचा," ते म्हणाले आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसले.

माझ्याजवळ एक जुनं समुद्रप्रवासाचं पुस्तक होतं, सुरुवातीची आणि शेवटची पानं नसलेलं. ते मी वाचू लागलो. काही दिवसांनी अप्पा उंबरा सोडून ओसरीत बसू लागले. मग दुकानाच्या ओट्यावर. तिथून ओरडायचे, "गलबत ऐकू येईना गेलंय, गुरुजी." मग ते गल्लीपलीकडे लोहाराच्या दारात जाऊन बसले, आणि त्यांच्याबरोबर लोहार आणि त्याची आई. ज्या गावात पुराशिवाय एवढं पाणी कोणी पाहिलं नव्हतं, तिथे संध्याकाळी माणसं गलबताची काळजी करत बसायची. आक्का भाकरी थापता थापता विचारायच्या, आज कुठवर आलं? शाळेतल्या मागच्या भिंतीला माझा आवाज कधी जाऊन लागला ते मला कळलंच नाही. मी फक्त रोजच्यासारखं वाचत होतो.

पण स्वतःच्या रागापुढे अप्पा हरले होते. शपथ घेऊन झाली होती. शपथेविषयी ते म्हणायचे, ती पाहुणी असते, दोन दिवसांनी गावाला जाते. राग आला की तोंडात पाण्याचा घोट धरायचा, हाही उपाय करून झाला होता. त्यात एका गिऱ्हाइकाचा सदरा भिजला. मठातल्या कोणीतरी सुचवलं की रोजच्या लिंगपूजेला हा नेम जोडा, ओरडलात त्या दिवशी जेवण बंद. अप्पांनी साफ नकार दिला. देवाला आपल्या रागाच्या राखणीला बसवायचं नाही, म्हणाले. देवाला दुसरी कामं आहेत.

मग एका सुगीत मी सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतावर गेलो होतो. खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. म्हातारा मापारी चाचा 'बरकत' म्हणून मोजायला बसला. माणसं अनवाणी, गप्प उभी. तेवढ्यात सालगड्याच्या हातून दावं सुटलं आणि बैलाने येऊन सरळ राशीत तोंड घातलं. अप्पांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, तोंड उघडलं, माझे हात आपोआप कानांकडे गेले. आणि अप्पांनी तोंड मिटलं. सालगड्याने बैल ओढून नेला. माप पडत राहिलं. रास संपेपर्यंत अप्पा एक शब्द बोलले नाहीत, आणि संपल्यावर सालगड्याला बोलवून म्हणाले, दावं जुनं झालंय, नवं ने.

येताना गाडीत ते मूठभर ज्वारी या हातातून त्या हातात ओतत होते. मग माझ्याकडे वळून इतक्या हळू बोलले की मला कान पुढे करावा लागला.

"गुरुजी, मी आज गप बसलो. कोणी सांगितलं न्हाई, तरी बसलो."

"माप चाललं होतं ना, अप्पा."

"तेच म्हणायलोय. म्हंजे मला गप बसता येतंय. फकस्त माप चालू पायजे."

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या कोपऱ्यात खळं तयार झालं. शेणाने सारवलेली दोन मोठी टोपली, एक ज्वारीने भरलेलं, एक रिकामं. धान्य मोजायची लाकडी अधोली. भोवती चुलीतल्या राखेची रेघ. राग आला की अप्पा हातातलं काम टाकून कोपऱ्यात जायचे, जोडे काढून रेघेच्या आत बसायचे, 'लाभ' म्हणून माप भरायचे आणि या टोपल्यातली ज्वारी त्या टोपल्यात मोजायचे. मोजणी संपेपर्यंत बोलायचं नाही. तोवर गिऱ्हाईक आपल्या हाताने गूळ काढून खात बसायचं.

सुरुवातीला तो 'लाभ' एवढ्या जोराने यायचा की ओरडणं परवडलं असतं. गल्लीतून जाणारा माणूस थांबून विचारायचा, "अप्पा आज कुणाचं मोजायलेत?" पोरांनी लाभ-लाभचा खेळ काढला. लोहार म्हणायचा, एवढी ज्वारी पेरली असती तर दुसरं खळं झालं असतं. काही वेळा अप्पा कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच स्फोट व्हायचा. मी एकदा विचारलं, आता नेम मोडला, पुन्हा पहिल्यापासून का? त्यांना आश्चर्य वाटलं. "मोजताना चार दाणे सांडले म्हणून कोणी रास पुन्ना मळतंय का? उचलायचे आणि पुढं मोजायचं."

हळूहळू 'लाभ' खाली उतरला. आधी गल्लीतून ऐकू यायचा, मग ओसरीतून, मग शेजारी बसलं तरच. मी गलबत घेऊन गल्लीपलीकडे पोचलो तसे ते माळ्यावरून खाली उतरत होते. त्या टोपल्यातली ज्वारी रोजच्या ओतण्याने इतकी निर्मळ झाली होती की एक कोंड्याचा कण सापडला नसता. दाणे मोत्यासारखे चमकायचे. आक्का गिऱ्हाइकांना दाखवायच्या, "ह्यांच्या रागानं उजळलीय बघा."

पुढच्या थंडीत चारठाण्याहून खबर आली. लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं. अप्पांनी गाडीला नवी तट्ट्याची कमान केली, आत गादी घातली, आणि गाडी पुन्हा रिकामी आली. विहीणबाईंचा निरोप होता की बाळंतीण आणि कोवळं पोर त्या आवाजात कसं ठेवायचं? ऐकून घ्यावं असंच ते म्हणणं होतं, आणि म्हणून अप्पांना त्यावर रागावताही येईना. मग शेवटचा निरोप आला. व्याही स्वतः येतील, एक दिवस राहतील, पाहतील. अप्पांचा आवाज चढला तर बाळंतपण चारठाण्यालाच होईल, आणि त्यानंतर निरोप पाठवू नयेत.

व्याही यायचे त्या दिवशी सगळं गाव अप्पांना जपायला निघालं आणि तेच अंगाशी आलं. लोहाराने भाता बंद ठेवला. शेजारणींनी पोरं घरात कोंडली. गिऱ्हाइकं आली ती ज्वारीचं, डाळीचं, दुकानाचं कौतुक करत, भाव न विचारता माल घेऊन गेली. अप्पा घाबरले. मला बाजूला घेऊन विचारलं, "गावात कोण गेलंय का, गुरुजी?"

व्याही आले. गुबगुबीत, हसतमुख, अत्यंत हळू आवाजाचे गृहस्थ. ओसरीच्या कडेला घोंगडीवर टेकले, जोड्यांसकट पाय खाली सोडून. आणि त्या मऊ आवाजात त्यांनी एकेक वस्तू उचलून टोचायला सुरुवात केली. गाय वाळलेली वाटते. दुकानाचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. झरीचं पाणी जड. अप्पा प्रत्येक वेळी "व्हय" म्हणायचे. जेवताना आमटी पातळ झाली, ठेचा तिखट झाला. भाकरीला मात्र त्यांनी नाव ठेवलं नाही. दुसरी मागितली, मग तिसरी, आणि तिसरीचा पापुद्रा उचलून उजेडात धरून पाहिला. आक्का दाराआडून पाहत होत्या. त्यांचा चेहरा उजळला.

जेवणं झाली, पान झालं. दोघांनी ओसरीच्या कडेला बसून जोडे चढवले. आता निघतील असं वाटत असताना व्याही सहज म्हणाले, "पोरीचं काय, चांगली हाय म्हणा. पण आईबापानं काय शिकवून धाडलं न्हाई. हातात चव न्हाई, कामाला उरक न्हाई. आमचीच माणसं सांभाळून घ्यायलेत म्हणून..."

अप्पा उठले. ते कोपऱ्याकडे निघाले तेव्हा मला हायसं वाटलं. त्यांनी जोडे काढले, रेघ ओलांडली, अधोली उचलली आणि टोपल्याकडे पाहून जागच्या जागी थिजले.

दोन्ही टोपली रिकामी होती. घरातली सगळ्यांत निर्मळ ज्वारी म्हणून आक्कांनी ती आदल्या दिवशी पाहुण्याच्या भाकरीसाठी जात्यात घातली होती.

व्याही बोलतच होते. अप्पांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. ओठ हलले, पण 'लाभ' येईना, कारण मापात काही नव्हतं. छाती भरून वर आली. मी ओळखलं की माळ्यावरचा तो आवाज निघाला आहे, आता गल्लीतले बैल सुटणार. आक्कांनी दाराची चौकट धरली. लेक तिकडे, गाडीवरची नवी कमान इकडे, आणि मध्ये एवढाच एक श्वास.

मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होतो. काय करतो आहे हे कळायच्या आत मी म्हणालो, "लाभ."

गल्लीपलीकडे पोचवायला त्यांनीच शिकवलेला आवाज होता. तो स्वच्छ पोचला. अप्पांचं तोंड मिटलं. ते खाली बसले, रिकामी अधोली रिकाम्या टोपल्यात घातली, भरल्यासारखी वरून हाताने सपाट केली आणि दुसऱ्या टोपल्यात ओतली. पुन्हा घातली. पुन्हा ओतली.

आणि व्याही वाक्य अर्धं टाकून गप्प झाले. त्यांनी जोडे काढून हाताने दूर सारले, पाय वर घेतले, मांडी घातली. ठरवून नाही. त्यांचंही सगळं आयुष्य खळ्यावर गेलेलं. लाभ म्हटलं की बोलायचं नाही, हे त्यांच्या अंगात आमच्याइतकंच मुरलं होतं. ते मापाकडे पाहत राहिले. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला तोही आवाज न करता.

रिकामी रास कधी संपते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही बसून राहिलो. टोपल्याच्या कडेला लाकूड लागल्याचा तेवढा आवाज येत होता. शेवटी अप्पांच्या मानेच्या शिरा दिसेनाशा झाल्या. त्यांनी हात थांबवला, अधोली पालथी घातली आणि कपाळ पुसलं.

व्याह्यांनी खळ्यावर विचारतात तसं दबकून विचारलं, "किती भरली?"

"मोप," अप्पा म्हणाले. मोप म्हणजे भरपूर. "पोरीवर बोललात, तवा लय पीक आलं व्हतं."

व्याही टोपल्यात वाकले. "अन् मोजायलाव काय? टोपलं तर रिकामं हाय."

दाराआडून आक्का पदर सावरत म्हणाल्या, "भरलेलं व्हतं, इवाई. तुमी तीन भाकरी खाल्ल्या न्हाईत का?"

व्याही हसले. त्या मऊ आवाजाच्या माणसाचं हसणं एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. डोळे पुसत ते म्हणाले, लेकीवर बोलायचं त्यांच्या कारभारणीने शिकवून पाठवलं होतं, सगळ्यांत शेवटी बोला म्हणून. पोर गुणाची होती, तिच्या हातची वांग्याची भाजी खाल्ल्याशिवाय त्यांचं जेवण होत नव्हतं. मग उठताना म्हणाले, "गाडी कवा धाडता?"

 माप नव्हतं, रास नव्हती, तरी अप्पा गप्प होते. कमानीच्या गाडीकडे त्यांनी फक्त बोट दाखवलं. ती आदल्या दिवसापासून जुंपायला तयार उभी होती.

लेक आली. दुकानातल्या पोत्यांवर बसून तिने पहिल्याच दिवशी बापाला विचारलं, तुमचा आवाज कुठं ठिवला? ते म्हणाले, गुरुजींकडं हाय, शाळेला लागत व्हता.

चैत्रात मुलगी झाली. ती रडली तेव्हा लोहार भाता सोडून धावत आला. मी माझ्या खोलीत पुस्तक मिटलं. तो आवाज कुठून आला याविषयी कोणाच्याही मनात शंका राहिली नाही. आक्का हसत हसत भिंतीला टेकल्या. अप्पा मात्र ओशाळून उभे होते, जणू आपली एखादी वस्तू पाहुण्याच्या घरी सापडली. पोर गप्प होईना. पाळणा हलवून झाला, गाणं म्हणून झालं. मग अप्पांनी कोपऱ्यातली दोन्ही टोपली उचलून पाळण्यापाशी आणली. एकात नवी ज्वारी होती. त्यांनी जोडे काढले, बसले, आणि अगदी हळू म्हणाले, "लाभ."

ज्वारी ओतल्याचा आवाज झाला. पोर थांबली. पुन्हा ओतली, पुन्हा तो सरसर आवाज. तिने मान वळवली. अप्पा मोजत राहिले, आणि उंबऱ्यात, ओसरीत, दारात उभी असलेली सगळी माणसं न सांगता गप्प झाली. पोर झोपली तरी ते मोजतच होते. मी पाहिलं, त्यांच्या अंगात राग नव्हता, काहीच नव्हतं. ते नुसते मोजत होते.

लेक पुढे चारठाण्याला परतली, पण पोर आजोळीच राहिली आणि त्या टोपल्यांपाशी लहानाची मोठी झाली. आजोबांनी तिला मोजायला शिकवलं, तेव्हा 'एक' नावाचा आकडा असतो हे तिला शाळेत येईपर्यंत माहीत नव्हतं. मीच तो सांगितला. तिला पटला नाही.

परवा मातीच्या पहिल्या ओंजळीला 'लाभ' म्हणाली ती हीच नात. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. माती देऊन झाली, माणसं पांगू लागली, तेव्हा ती माझ्यापाशी आली, काठी धरलेल्या माझ्या हातावर हात ठेवला आणि खळ्यावर विचारतात तसं दबकून विचारलं, "किती भरली, गुरुजी?"

पांगलेली माणसं थांबली. मी त्या सगळ्यांना, मागच्या भिंतीपर्यंत, ऐकू जाईल असं म्हणालो, "मोप."